टाइप बदलला, एरर आली नाही, तरी आकडा बदलला: माहिती नेमकी कुठे सांडते आणि ती कशी धरून ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये घ्यायचाय. सभासदांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी टेक्स्ट फाइल) करून आली, ती पायथनने वाचली, डेटाबेसमध्ये टाकली, तिथून जेसनने (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा पाठवायची मजकुराची पद्धत) वेबपेजवर आणली, आणि शेवटी बघतो तर काही खाते नंबरांचं पुढचं शून्य गेलेलं, काहींच्या मागे पॉइंट शून्य चिकटलेलं, आणि लांबलचक व्यवहार क्रमांकांचे शेवटचे एक-दोन आकडेच वेगळे. कुठेही एरर नाही. मग टाइप, म्हणजे किंमत साठवायचा प्रकार (पूर्णांक, दशांश, मजकूर वगैरे), बदलताना माहिती हरवणार नाही असा काही नियम आहे का?

आहे, आणि एकच आहे. टाइप बदला, मग उलटा बदलून मूळ टाइपमध्ये परत आणा आणि जे पाठवलं होतं तेच अक्षर न अक्षर परत आलं का ते बघा. आलं तर ठीक, नाही आलं तर वाटेत काहीतरी सांडलं. पण हे दोन-चार नमुने बघून भागत नाही, त्या कॉलममध्ये येऊ शकेल अशा प्रत्येक किमतीला ते लागू व्हायला हवं. म्हणून मी स्वतःला प्रश्न असा विचारतो की इकडच्या दोन वेगळ्या किमती तिकडे गेल्यावर एकच होऊ शकतात का? होत असतील तर तो बदल धोक्याचा, कारण दोनाचा एक झाला की त्या एकाचे परत दोन करणारा फॉर्म्युला कुणाकडेच नाही, कितीही हुशार माणूस बसवा.

आता बहुतेकांचा पहिला गैरसमज. कॉलेजात शिकवतात की लहान टाइपमधून मोठ्यात जाताना काळजी नको, मोठ्यातून लहानात जाताना जपा. हे अर्धंच खरं आहे. जावामध्ये लाँग या पूर्णांकाच्या टाइपची किंमत डबल या दशांशाच्या टाइपमध्ये टाकली तर कंपायलर काही बोलत नाही, भाषेच्या नियमात ते वाइडनिंग, म्हणजे मोठ्या टाइपमध्ये जाणं, म्हणूनच बसतं, पण माहिती तिथेही जाते. कारण साधं आहे, लाँग ६४ बिटांचा आणि डबलही ६४ बिटांचा, पण डबलला त्यातले काही बिट पॉइंट कुठे आहे हे लक्षात ठेवायला लागतात, आकड्यांसाठी हातात उरतात ५३. त्यामुळे २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक डबलमध्ये बरोबर बसतो आणि त्याच्या पुढे विषम संख्या बसतच नाहीत. ९००७१९९२५४७४०९९३ टाका, शेवटी ९९२ परत येईल. आणखी वर गेलात की ही फट वाढत जाते, आधी २, मग ४, मग ८, आणि ६ वर सतरा शून्यं एवढ्या आकड्याच्या आसपास तर शेजारशेजारच्या दोन डबलमध्ये १२८ चं अंतर असतं. मधले १२७ आकडे कुठल्यातरी शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन पडतात. ३२ बिटांच्या फ्लोटचं, म्हणजे डबलच्या धाकट्या भावाचं, याहून लवकर होतं, १६७७७२१७ हा आठ आकडी नंबरसुद्धा त्यात बसत नाही, १६७७७२१६ होतो. म्हणजे मोठा टाइप याचा अर्थ लांबवर पोचणारा एवढाच, वाटेतल्या प्रत्येक संख्येला जागा देणारा असा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

आता तुमच्या डेटाच्या वाटेने चालू. सुरुवात एक्सेल.

एक्सेल संख्येचे १५ आकडे धरतं. सोळावा आकडा असेल तर त्याच्या जागी शून्य बसवतं, विचारत नाही. तुमचा खाते नंबर १२ आकडी असेल तर तो फाइलमध्ये शाबूत असतो, पण सेलचा फॉरमॅट जनरल असेल तर दिसताना तो १.२३४५७ ई अधिक ११ अशा थाटात दिसतो. इथवर काही बिघडलेलं नाही, कॉलम रुंद करून फॉरमॅट बदलला की पूर्ण नंबर दिसेल. पण त्याच अवस्थेत कुणी सेव्ह ॲज सीएसव्ही केलं की संपलं, कारण सीएसव्हीमध्ये एक्सेल सेलमध्ये जे दिसतंय ते लिहितं, आत जे आहे ते नाही. सहा आकडे उरले, बाकीचे सहा गेले. म्हणून संस्थेकडून फाइल मागताना सीएसव्ही मागू नका, मूळ एक्सेल फाइलच मागा, आणि तुमच्याकडे आधीच सीएसव्ही आली असेल तर आज फोन करून मूळ फाइल कुणी डिलीट करू नका म्हणून सांगा. पुढच्या शून्याचंही तसंच, ००४५१२ हा आकडा म्हणून घेतला की ४५१२ होतो आणि संस्थेत ४५१२ नंबरचं दुसरं खातं आधीच असेल तर दोनाचा एक झाला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. ज्याची बेरीज-वजाबाकी तुम्ही कधीच करणार नाही ती संख्या नाहीच. खाते नंबर, मोबाइल, पिनकोड, आधार, पावती क्रमांक, सात-बाराचा गट नंबर, ही सगळी नावं आहेत, फक्त आकड्यांत लिहिलेली. दोन खाते नंबरांची सरासरी काढायची वेळ कुणावर येते का? नाही ना, मग ती स्ट्रिंगच, म्हणजे मजकूर म्हणूनच, ठेवा, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत. आणि हा त्रास फक्त आपल्याकडच्या संस्थांचा आहे असं समजू नका, माणसाच्या जीन्सची काही नावं एक्सेल तारखा समजून बदलत होतं, एक जीन सप्टेंबरची तारीख व्हायचा, दुसरा मार्चची, आणि शेवटी २०२० मध्ये जीन्सची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली.

पुढची पायरी पायथन आणि पांडाज (टेबल हाताळायची पायथनची लायब्ररी). तो चिकटलेला पॉइंट शून्य इथला आहे. कॉलममध्ये एक जरी सेल रिकामा असला तरी पांडाज अख्खा कॉलम फ्लोट (इथे ६४ बिटांचा, म्हणजे डबलच) करतं, कारण साध्या इंट, म्हणजे पूर्णांकाच्या, कॉलमला रिकामं ही अवस्था माहीतच नाही. मग १२३४५६७८९०१२ चा १२३४५६७८९०१२.० होतो आणि तुम्ही तो स्ट्रिंग करून दुसऱ्या यादीशी जुळवायला गेलात की एकही ओळ जुळत नाही. बरेच जण मग शेवटचे दोन कॅरेक्टर कापून टाकतात आणि काम झालं म्हणतात. १२ आकड्यांवर ते चालून जातं, कारण ते ५३ बिटांत बसतात, पण १८ आकडी व्यवहार क्रमांक त्याच वाटेने गेला असेल तर पॉइंट शून्य कापून तुम्ही फक्त खूण पुसलीत, नंबर आधीच बिघडलेला आहे. उपाय म्हणजे फाइल वाचतानाच त्या कॉलमचा डीटाइप स्ट्रिंग द्यायचा. वाचून झाल्यावर बदलणं म्हणजे दूध नासल्यावर फ्रिजमध्ये ठेवणं. आणि अगदी नीट वाचलेला इंट कॉलमसुद्धा दोन याद्या मर्ज करताना जोडीदार न सापडलेल्या ओळींमुळे परत फ्लोट होतो, तेव्हा मर्जनंतर डीटाइप परत छापून बघा. खरंच संख्या हवी असेल आणि रिकाम्या जागाही असतील तर पांडाजमध्ये नल, म्हणजे रिकामं, चालणारा वेगळा इंट टाइप आहे, मोठ्या आयने सुरू होणारा, तो वापरा.

रिकामं, शून्य, आणि रिकामी स्ट्रिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेही याच जागी सांगून टाकतो. सभासदाने रक्कम भरली नाही, शून्य भरली, की माहितीच नाही, या तिघांचा एक शून्य केला की ऑडिटच्या वेळी उत्तर देता येत नाही.

मग डेटाबेस. इथे एक प्रसंग सांगतो, बरीच वर्षं झाली. एका दूध संस्थेचं काम होतं, उत्पादकांना फॅट, लिटर आणि रकमेचा एसएमएस जाणार होता. टेबल आधीच्या माणसाने बनवलेलं, मायएसक्यूएलची जुनी आवृत्ती, मोबाइलचा कॉलम इंट. पहिल्या संध्याकाळी एकालाही एसएमएस गेला नाही. टेबल उघडलं तर वरपासून खालपर्यंत जवळजवळ प्रत्येक उत्पादकाचा मोबाइल २१४७४८३६४७. ३२ बिटांच्या इंटची ती शेवटची किंमत, आणि आपले मोबाइल ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी, म्हणजे सगळेच तिच्या वरचे. त्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारी सेटिंग) बंद होता, त्यामुळे न बसणारी किंमत डेटाबेसने टोकाला आणून बसवली आणि एक वॉर्निंग दिली जी कुणी वाचत नव्हतं. गंमत अशी की काही नंबर बरोबर होते. ते का वाचले हे कळायला मला थोडा वेळ लागला. ते पुण्याच्या नातेवाइकांचे लँडलाइन होते, ०२० मधलं पुढचं शून्य गेल्यावर २० आणि पुढे आठ आकडे, म्हणजे दोनशे कोटींच्या थोडं वर, ते २१४ कोटींच्या आत बसले. कोल्हापूरचे ०२३१ वाले आणि साताऱ्याचे ०२१६२ वाले मात्र गेले, २३१ आणि २१६२ ने सुरू होणारे नंबर मर्यादेच्या वर जातात. मूळ टाइप केलेली फाइल कुणी ठेवलेली नव्हती. शेवटी गावोगावच्या संकलन केंद्रांवरून वह्या आणून सगळे नंबर परत भरले, तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस माणसं मशीनवरची चिठ्ठी हातात घेऊन रक्कम बरोबर आहे का विचारत होती. तेव्हापासून मी मूळ फाइल कधीच टाकत नाही, तिला हात लावत नाही, रीड ओन्ली करून बाजूला ठेवतो आणि बदल नेहमी कॉपीवर करतो.

मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो, त्यामुळे आता सरळ एरर येते, पण जुने सर्व्हर आणि जुन्या सेटिंग्ज अजून खूप ठिकाणी आहेत, तपासून घ्या.

त्या वेळी एक साधी गोष्ट केली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं, ती म्हणजे डिस्टिंक्ट काउंट. बदलाच्या आधी कॉलममध्ये किती वेगवेगळ्या किमती होत्या आणि नंतर किती. कमी झाल्या तर दोनाचा एक झालाच. मी हे प्रत्येक मायग्रेशनला करतो, सोबत ओळींची संख्या, रकमेची एकूण बेरीज आणि रिकाम्या सेलची संख्या. फक्त एवढ्यावर विसंबू नका, कारण १८ आकडी नंबर गोल होताना तुमच्या यादीत त्याचा शेजारी नसेल तर काउंट तेवढाच राहतो आणि नंबर तरी चुकलेला असतो. म्हणून नावासारख्या कॉलमना मूळ स्ट्रिंगशी थेट तुलना हवीच.

आता जेसन, म्हणजे तुमचे शेवटचे बदललेले आकडे. जेसनच्या व्याख्येत संख्येला लांबीची मर्यादाच नाही, मर्यादा वाचणाऱ्याची असते. पायथन १८ आकडी पूर्णांक जेसनमध्ये बरोबर लिहितं आणि बरोबर वाचतं. जावास्क्रिप्ट तोच जेसन पार्स करताना प्रत्येक संख्येचा डबल करतं. दोघंही आपापल्या जागी नियमाने वागतायत, नंबर मधल्या मध्ये जातो, आणि म्हणून हा बग सापडत नाही, सर्व्हरवाला लॉग दाखवतो की मी बरोबर पाठवलं, फ्रंटएंडवाला स्क्रीन दाखवतो की मला असंच आलं. ट्विटरचे ट्वीट क्रमांक ६४ बिटांचे झाले तेव्हा त्यांनाही प्रत्येक क्रमांकासोबत त्याची स्ट्रिंग कॉपी पाठवावी लागली होती. नोडमधला (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर याच कारणाने बिगइंट, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकाचा, कॉलम स्ट्रिंग म्हणून देतो, लोक वैतागतात की संख्या का देत नाही, पण तो बरोबर वागतोय. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट नावाचा टाइप २०२० पासून भाषेतच आहे, पण नेहमीचं जेसन पार्स त्यात वाचत नाही आणि बिगइंट जेसनमध्ये लिहायला गेलात तर एरर येते. तुम्ही क्रमांक अवतरण चिन्हात, स्ट्रिंग म्हणून पाठवा, विषय संपतो.

पैशांचं बोलू. १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं की डबलमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, आणि त्याला इंट केलं की इंट गोल करत नाही, पॉइंटनंतरचं कापतो, म्हणजे १९९८. एक पैसा गेला. हजार खात्यांवर असं झालं की दिवसअखेरीला तेरीज जुळत नाही आणि बिचारा कारकून रात्री आठपर्यंत बसून खतावणी तपासतो, त्याची काहीच चूक नसते. म्हणून रक्कम एकतर पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा किंवा डेसिमल टाइपमध्ये, आणि डेसिमल बनवताना स्ट्रिंगमधून बनवा, फ्लोटमधून नाही. जावात बिगडेसिमल या डेसिमल टाइपला डबलमधला ०.१ दिला तर तो प्रामाणिकपणे आतली खरी किंमत दाखवतो, अठराव्या दशांश स्थळापासून ५५५१ असे आकडे सुरू होतात. बिगडेसिमलचा दोष नाही, फ्लोटमध्ये शिरताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि राउंडिंग हा टाइप बदल नाही, तो निर्णय आहे. पायथनमध्ये राउंड २.५ चं उत्तर २ येतं, एक्सेलमध्ये ३. दोन्ही बरोबर, पद्धत वेगळी. व्याज कुठल्या पद्धतीने गोल करायचं हे संस्थेला विचारा, लेखी घ्या, आणि कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवा.

तारखा पटकन आटोपतो. ५/३/२०२४ ही आपल्याकडे ५ मार्च, अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर ३ मे. वाईट भाग असा की १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात आणि १३ पासूनच्या न जमल्याने टेक्स्ट म्हणून तशाच राहतात. कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा हे झालंय, आणि उजवीकडच्याच चुकलेल्या आहेत. दुसरं, जन्मतारखेला वेळ लावू नका. भारतीय वेळेनुसार मध्यरात्र ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहा असते, त्यामुळे तारीख यूटीसीत बदलून नुसता तारखेचा भाग कापला की माणूस एक दिवस आधी जन्मतो. ज्येष्ठ नागरिकाच्या ठेवीचा दर वयावर ठरतो, तिथे एक दिवससुद्धा महाग पडतो.

आता मराठी मजकूर, ज्याबद्दल प्रश्नात काही नाही पण सभासदांची नावं मराठीत असणारच, आणि इथे नुकसान सर्वात शांतपणे होतं.

पहिली गोष्ट, बिघडलेलं दिसणं आणि हरवणं यात फरक आहे. युटीएफ ८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइट घेतं, ते कुणी चुकून जुन्या युरोपीय एन्कोडिंगने वाचलं की नावाच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हांची माळ दिसते. घाबरू नका, बाइट बहुतेक वेळा जागेवर असतात, उलटं फिरवलं की नाव परत येतं. पण नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ते गेलं, प्रत्येक अक्षराचं एकच प्रश्नचिन्ह झालं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकार या युनिकोड कॉलमऐवजी साधा व्हारकार कॉलम असला, किंवा कॉलम बरोबर असून क्वेरीतल्या स्ट्रिंगच्या आधी एन लावायला विसरलं, की नेमकं हेच होतं. कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजतात की कॅरेक्टरमध्ये हेही बघा, नमस्कार हा शब्द मोजायला सात कॅरेक्टर आणि २१ बाइट आहे.

दुसरी गोष्ट साफसफाईची. इंटरनेटवरून उचललेले स्वच्छतेचे फंक्शन बहुतेक इंग्रजी, फ्रेंच डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात. अक्षरांवरची चिन्हं काढून टाका असं एक फंक्शन सगळीकडे फिरत असतं, ते युनिकोडमधली नॉनस्पेसिंग मार्क या वर्गातली सगळी चिन्हं उडवतं. आपला उकार आणि एकार त्याच वर्गात येतात. पुणे त्यातून काढलं की पण होतं. खरंच करून बघा.

तिसरी मला सगळ्यात जास्त लागते. आचार्यास आणि आचाऱ्यास. एक गुरुजींना, दुसरं स्वयंपाक करणाऱ्याला, फरक फक्त त्या अर्ध्या ऱ्चा. हा ऱ् कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: एक म्हणजे खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्या मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. कुठला कीबोर्ड वापरलाय त्यावर ठरतं. आता न दिसणारी कॅरेक्टर कचरा असतात असं समजून कुणी ती काढली, पायथनमध्ये इज प्रिंटेबल लावून गाळणं ही त्याची नेहमीची पद्धत, तर जॉइनर गेला आणि तो अर्धा ऱ् रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला. कऱ्हाडे आडनावाच्या माणसाचं नाव पासबुकावर चुकीचं छापलं जातं, आणि डेटाबेसमध्ये निम्मे एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने असतील तर शोधल्यावर अर्धेच सापडतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) या दोघांना एक करत नाही, तुम्हाला स्वतः नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जॉइनर दिसलं की नुक्त्याचा ऱ आणि हलन्त करा. एक ओळीचा नियम आहे, पण तो साफसफाईच्या आधी चालायला हवा.

डेटा युनिकोडच्या आधीचा, जुन्या मराठी फाँटमधला असेल तर आणखी एक. त्यात सेलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी चित्रं देतो. म्हणजे फाँटचं नाव हा डेटाचाच भाग आहे, आणि सीएसव्ही करताना तोच पहिला जातो. आधी फाँटचं नाव प्रत्येक कॉलमसाठी लिहून ठेवा, आणि कन्व्हर्ट होईपर्यंत अपरकेस, लोअरकेस, प्रॉपर केस असलं काहीही त्यावर चालवू नका, कारण कॅपिटल आणि स्मॉल ही तिथे वेगवेगळी मराठी अक्षरं आहेत.

मराठी आकड्यांचं पण बघा, १२३ ही स्ट्रिंग पायथनचा इंट आनंदाने वाचतो आणि जावास्क्रिप्टचा नंबर तिला संख्या मानतच नाही.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं, तर ठेवायचं नाही, कोडला ओरडायला लावायचं. जावात लाँगचा इंट करताना साधा कास्ट (न तपासता केलेला टाइप बदल) न लावता टू इंट एक्झॅक्ट वापरा, बसलं नाही तर एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी एरर, येतो. सी शार्पमध्ये चेक्ड आहे, रस्टमध्ये ट्राय फ्रॉम आहे, सी प्लस प्लसमध्ये महिरपी कंसाने इनिशियलाइज केलं की नॅरोइंग कंपायलरच अडवतो. आणि ओरडल्यावर ऐकणारं कुणीतरी हवं. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान ५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं, त्यात ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या इंटमध्ये बसवताना किंमत ३२७६७ च्या वर गेली. तिथे एक्सेप्शन आला होता, पण तो हाताळणारं काही नव्हतं, मार्गदर्शन करणारा कॉम्प्युटर बंद पडला, त्याचा जोडीदारही त्याच कारणाने बंद पडला, आणि उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत रॉकेट फुटलं. कोड एरियान ४ चा होता. असे धोक्याचे सात व्हेरिएबल त्या टीमला माहीत होते, चार संरक्षित केले, तीन सोडले, कारण एरियान ४ च्या वेगात ती किंमत एवढी वाढणंच शक्य नव्हतं. नवं रॉकेट आडव्या दिशेत जास्त वेगाने गेलं. म्हणून माझी विनंती आहे, जिथे टाइप बदलताय त्याच ओळीवर कमेंट लिहा की ही किंमत इथून इथपर्यंतच येईल असं मी धरलंय आणि का धरलंय. तुमची संस्था उद्या दुसऱ्या संस्थेत विलीन झाली आणि खाते नंबर १२ चे १७ आकडी झाले तर पुढच्या माणसाला ती कमेंट दिसेल.

आता तुमच्या हातातल्या डेटाचं. पॉइंट शून्यवाले १५ आकड्यांपर्यंतचे नंबर दुरुस्त होतात. पुढचं शून्य गेलेले, खाते नंबरची लांबी सगळीकडे सारखी असेल तरच, डावीकडे शून्य भरून परत येतात, लांबी कमी-जास्त असेल तर मूळ यादीशिवाय हात लावू नका. सीएसव्हीत ई अधिक असं लिहिलेले गेले, त्यांच्यासाठी एक्सेलच पाहिजे. शेवटचे आकडे बदललेले व्यवहार क्रमांक मात्र आधी डेटाबेसमध्ये जाऊन बघा. तिथे बरोबर असतील तर चूक फक्त पेजवर आहे, आणि तशी असेल तर आज सगळ्यात आधी त्या पेजवरचं एडिट बटण बंद करा. कारण पेज जो गोल झालेला क्रमांक दाखवतंय तोच सेव्ह करताना सर्व्हरकडे परत पाठवेल, आणि त्या क्रमांकाचा दुसरा व्यवहार टेबलात असेल तर बदल त्याच्यावर जाऊन बसेल. गेल्या काही दिवसांत कुणी त्या पेजवरून काही सेव्ह केलंय का ते लॉगमधून काढा, तेवढ्या ओळी हाताने तपासा, मग क्रमांक स्ट्रिंग करून पाठवा आणि बटण परत चालू करा.